पाच चिंचोक्यांची पैज

लोंढ्याहून निघालेली रेल्वे कॅसलरॉक ओलांडते, दूधसागरापुढून घाट उतरते आणि वास्कोला जाऊन थांबते. आमच्या खानापूर तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक गावातलं कुणी ना कुणी या वाटेनं पोटापाण्यासाठी गोव्यात गेलेलं आहे. कुणी हॉटेलात, कुणी बांधकामावर, कुणी बंदरात. त्यामुळे वास्को हे नाव माझ्या वर्गातल्या मुलांना पुस्तकातून कळत नाही, ते घरातूनच आलेलं असतं. त्याच वास्कोत हेडलँड सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमा तिथून आखल्या जातात. तिथल्या एका प्रयोगशाळेत उणे २० अंशांवर अंटार्क्टिकाचा बर्फ जपून ठेवलेला आहे.

हे वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगा ताडकन उठला. "टीचर, माझा मामा वास्कोतच असतोय की!" बर्फाचं कौतुक दुसऱ्या क्षणाला. आधी मामा. मला ते फार आवडलं, कारण ध्रुवांचा धडा शिकवताना पहिली अडचण थंडीची किंवा अंतराची नसते. हे सगळं दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आपला त्याच्याशी काही संबंध नाही, असं मुलांना वाटतं, हीच खरी अडचण. मामा वास्कोत आहे म्हटल्यावर ती निम्मी संपली.

दुसरी अडचण त्याच तासाला एका मुलीनं पुढे केली. मी अंटार्क्टिकावरच्या बर्फाची जाडी सांगत होते. सरासरी जवळजवळ दोन किलोमीटर, काही ठिकाणी साडेचार किलोमीटरहून जास्त. तिनं विचारलं, "तुम्ही बघून आलाय काय?"

"नाही."

"मग कशावरून सांगताय?"

या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तिचे वडील विहिरी खोदतात. किती हात गेलं, खाली काय लागलं, हे माणूस आत उतरून बघतो आणि मग सांगतो, हे तिनं पाहिलेलं आहे. दोन किलोमीटर बर्फात कोण उतरलं? तिचा प्रश्न सरळ होता, आणि माझ्याकडे उत्तर होतं. विमानातून रेडिओ लहरी खाली सोडतात. त्या बर्फातून आरपार जातात, खालच्या खडकावर आपटून परत येतात. परत यायला किती वेळ लागला त्यावरून जाडी काढतात. हे सांगितल्यावर तिचं समाधान झालं. पण मला त्या दिवसापासून पक्कं वाटायला लागलं की ध्रुवांचं विज्ञान मुलांना शिकवायचं ते याच प्रश्नासाठी. आपल्याकडचा पाऊस, माती, झाडं मुलं स्वतः तपासू शकतात. अंटार्क्टिकाबद्दलचं एकही वाक्य ती तपासू शकत नाहीत. अशा वेळी 'कशावरून' हा एकच आधार त्यांच्या हातात उरतो.

त्यातून आमचा खेळ तयार झाला.

शाळाशाळांमधून प्रश्नमंजूषा होतात, त्या मला कधीच रुचल्या नाहीत. घंटी आधी कोण वाजवतं, यावर सगळा खेळ. दोन-तीन हुशार मुलं धडाधड उत्तरं देतात, बाकीचा वर्ग टाळ्या वाजवतो. जे ज्याला आधीच येत होतं तेच तो बोलून दाखवतो, आणि ज्याला येत नव्हतं त्याला तास संपल्यावरही येत नाही. आमच्या खेळात घंटी नाही, घाई नाही. पाच-सहा मुलांचा गट, त्यात पाचवीपासून सातवीपर्यंतची सगळी मिसळलेली. प्रत्येक गटाला मूठभर चिंचोके. प्रश्न आला की गटानं आपसांत बोलायचं, उत्तर पाटीवर लिहायचं आणि त्यावर एक ते पाच चिंचोके लावायचे. अगदी खात्री असेल तर पाच, नुसता अंदाज असेल तर एक. सगळ्या पाट्या एकदम वर. मग दुसऱ्या गटांनी विचारायचं, "कशावरून?" उत्तर चुकलं पण कारण पटण्यासारखं असलं, तर लावलेल्यातले निम्मे परत. कारण पटलं की नाही, हे ठरवायचं बाकीच्या गटांनी, मी नाही. निम्म्यांचा हिशेब करताना अर्धा चिंचोका कुणाचा यावरून भांडणं होतात, ती होऊ द्यावीत.

पहिल्या खेपेला विचारलं, जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट कोणतं? पाट्यांवर राजस्थान, सहारा आणि एका ठिकाणी विजापूर. बहुतेकांनी पाच-पाच लावलेले. उत्तर अंटार्क्टिका आहे हे ऐकून वर्गात दंगाच झाला. बर्फाच्या ढिगाऱ्याला वाळवंट कसं म्हणायचं? आमची मुलं पावसातली. कणकुंबी, आमगाव, जांबोटीकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला पाऊस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. काही हजार मिलिमीटर एका पावसाळ्यात कोसळतो, मलप्रभा त्याच डोंगरात उगम पावते. अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर वर्षभरात जो हिमकण पडतो तो वितळवून मोजला तर ५० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. आमच्याकडे एवढा एखाद्या दुपारी पडून जातो. मग इतका बर्फ आला कुठून? हा प्रश्न मी विचारायच्या आधी मुलांनीच विचारला, आणि उत्तरही एका गटानं काढलं: पडतं थोडं, पण गेलंच नाही कुठं. लाखो वर्षं साचत राहिलं. भारताच्या चौपट आकाराची जमीन, सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, आणि तिच्यावर जगातल्या एकूण बर्फाच्या सुमारे ९० टक्के बर्फ.

पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच चित्रात काढणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, त्यात विशेष काही नाही. अस्वल उत्तरेला, पेंग्विन दक्षिण गोलार्धात, हे एकदा कळलं की कळलं. मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच्यामागचा फरक. उत्तरेला मधे समुद्र आहे आणि भोवती जमीन, दक्षिणेला मधे जमीन आणि भोवती समुद्र. पुढची कितीतरी गणितं या एका फरकावर उभी आहेत. तो डोळ्यांनी दिसावा म्हणून आठवडी बाजारात मासे विकायला येणाऱ्या मावशींकडून बर्फ आणला, भुश्यात गुंडाळून. दोन काचेचे पेले. एकात पाण्यावर तरंगणारा बर्फ. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढणारा दगड आणि त्या दगडावर ठेवलेला बर्फ. दोन्हीत पाण्याच्या पातळीवर पेनानं रेघ मारली. बर्फ वितळल्यावर पाणी कुठं वाढेल?

"बर्फ वितळला की पाणी वाढणारच की, दोन्हीत!" जवळजवळ सगळ्यांचे पाच चिंचोके दोन्हीवर. एका गटानं मात्र 'फक्त दगडवाल्यात' लिहून दोनच लावले होते. बर्फ वितळेपर्यंत मुलं पेल्यांजवळून हलली नाहीत. पहिल्या पेल्यात रेघ जिथल्या तिथं. दुसऱ्यात पाणी रेघेच्या वर. दोन लावणाऱ्या गटाला आम्ही विचारलं, कशावरून? त्यातली एक मुलगी म्हणाली, तरंगणारा बर्फ आधीच पाण्यात बसलाय, त्यानं आपली जागा घेतलीय. दगडावरचा अजून पाण्यात आलेलाच नाही. आर्किमिडीजचं नाव तिला ठाऊक नव्हतं. तिला चिंचोके दोनच मिळाले, पण त्या दिवसापासून वर्ग तिच्या गटाचं बोलणं लक्ष देऊन ऐकायला लागला.

या दोन पेल्यांवरून पुढचं सगळं सांगता येतं. उत्तर ध्रुवाकडचा समुद्रबर्फ वितळला तर त्यानं थेट समुद्राची पातळी वाढत नाही. ग्रीनलँडवरचा आणि अंटार्क्टिकावरचा बर्फ जमिनीवर बसलेला आहे, तो समुद्रात आला तर वाढते. ग्रीनलँडचा सगळा वितळला तर सात मीटरच्या आसपास, अंटार्क्टिकाचा सगळा वितळला तर ५० मीटरहून जास्त. इथं मी थांबून सांगते की हे उद्या होणार नाही. एवढा बर्फ जायला शेकडो-हजारो वर्षं लागतील. मुलांना घाबरवून शिकवणं मला मान्य नाही. पण १९०० सालापासून समुद्र सुमारे २० सेंटिमीटर वर आलाय आणि त्याचा वेग वाढतोय, हेही तितकंच सरळ सांगायला हवं. खानापूर बुडणार काय, असं एकानं विचारलं. आपण समुद्रापासून सहाशे मीटरहून उंच, आपल्याला भीती नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "मग मामाचं काय?"

समुद्रबर्फानं पातळी वाढत नाही म्हणजे तो गेला तरी चालेल, असा निष्कर्ष एका गटानं काढलाच. तर्क चूक नव्हता, अपुरा होता. त्यासाठी आम्ही दोन ताटं उन्हात ठेवली, एकावर पांढरा कागद, एकावर काळा. थोड्या वेळानं हात लावून बघितलं. ताजं हिम सूर्याचा ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतं, मोकळा समुद्र जेमतेम दहा टक्क्यांच्या आत. बर्फ गेला की काळं पाणी उघडं पडतं, ते उष्णता पितं, त्यानं आणखी बर्फ जातो. आर्क्टिकचा, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीचा प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा तिप्पट-चौपट वेगानं तापतोय, त्यामागचं हे एक मोठं कारण.

मग येतो आमच्या पावसाचा विषय. आर्क्टिकमधल्या कारा समुद्रावरचा उन्हाळ्यातला बर्फ कमी होणं आणि भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी, यांचा संबंध असावा असं वास्कोच्या त्याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं. मुलांना ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतो, निदान घरच्यांकडून ऐकलेला आहे. घरं पडली होती, रस्ते तुटले होते. तो पूर आर्क्टिकमुळेच आला, असं ती लगेच म्हणायला लागली. मी म्हटलं, किती चिंचोके? सगळ्यांनी पाच लावले. कशावरून? कुणालाच सांगता येईना. मग आम्ही फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. तरंगता बर्फ वितळून पातळी वाढत नाही: पाच. कारा समुद्रातला बर्फ आणि आपल्याकडचा सप्टेंबरचा पाऊस यांचा संबंध आहे: मुलांनी वाद घालून दोनवर आणलं. शास्त्रज्ञांनी स्वतः 'शक्य आहे' असं म्हटलं असताना आपण पाच कशाला लावायचे, असं सातवीतल्या एकीनं विचारलं. विज्ञानातली सगळी वाक्यं सारख्या वजनाची नसतात, हे मोठ्या माणसांनाही उमगत नाही. टीव्हीवर रोज कुणी तरी कशाला तरी ग्लोबल वॉर्मिंग कारण म्हणून सांगतं, दुसरा कुणी ते सगळंच थोतांड म्हणतो, आणि दोघेही पाच-पाच चिंचोके लावून मोकळे होतात.

बर्फाच्या गाभ्याचा तास माझ्या सगळ्यात आवडीचा. दरवर्षीचं हिम मागच्या वर्षाच्या हिमावर पडतं, भाकरींच्या चवडीसारखं. खालचं दाबलं जातं आणि त्याचा बर्फ होतो, त्यात हवेचे बुडबुडे अडकतात. पोकळ नळीनं भोक पाडून तो बर्फ लांबट दांड्यांच्या रूपात बाहेर काढतात. अंटार्क्टिकातल्या डोम सी नावाच्या जागेवर काढलेल्या गाभ्यात आठ लाख वर्षांपूर्वीपर्यंतची हवा आहे. जानेवारी २०२५ मध्ये युरोपच्या एका चमूनं त्याच्याजवळच २,८०० मीटर खोल जाऊन किमान बारा लाख वर्षांचा बर्फ मिळवला. त्या आठ लाख वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ३०० भागांच्या वर गेला नव्हता, आज तो ४२० च्या पुढे आहे.

कशावरून? थर मोजून, ज्वालामुखीच्या राखेच्या खुणा जुळवून, वगैरे मी सांगितलं. तेव्हा गवताच्या गंजी रचणाऱ्या घरातला एक मुलगा म्हणाला, हिम वरवर भुसभुशीत असताना त्यातून हवा आत-बाहेर खेळत असणार. मग बुडबुडा बंद होईपर्यंत हवा नवी येत राहणार. म्हणजे बर्फ जुना आणि त्यातली हवा त्याच्यापेक्षा नवी, असं होत असेल की.

तसंच होतं. बर्फाचं वय आणि त्यात अडकलेल्या हवेचं वय यांत फरक असतो, जिथं हिम फार कमी पडतं तिथं तो हजारो वर्षांचासुद्धा असतो, आणि गाभ्याचा अभ्यास करणाऱ्यांना तो हिशेबात धरावाच लागतो. खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत बसून, कधी बर्फ न पडलेल्या गावात, सहावीतल्या मुलानं तो फरक नुसत्या विचारानं गाठला. त्याच्या गटाला किती चिंचोके द्यायचे, यावर वर्गानं एकमतानं मूठभर म्हटलं. हा मुलगा घंटीच्या प्रश्नमंजूषेत तोंड उघडत नाही. म्हणून मी घंटीच्या विरुद्ध आहे.

आपला देश तिथं कसा गेला हेही मुलांनी पैजा लावत शिकलं. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्यातूनच निघाली, 'पोलार सर्कल' या नॉर्वेच्या भाड्याच्या जहाजानं, आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर पोचली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत पुण्यात शिकलेल्या आदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी होत्या, भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत गेलेल्या पहिल्या स्त्रिया. त्याच मोहिमेत दक्षिण गंगोत्री हे पहिलं ठाणं उभं राहिलं. इथं मी प्रश्न टाकते: तुम्ही ठाणं कुठं बांधाल, बर्फावर की खडकावर? आमच्याकडे मातीच्या भिंतींची घरं अजून आहेत, पाया म्हणजे काय हे मुलं जाणतात. बर्फावर बांधलेली दक्षिण गंगोत्री हळूहळू हिमाखाली गाडली गेली आणि १९९० मध्ये ती सोडावी लागली. त्यानंतरची मैत्री आणि २०१२ मधली भारती, दोन्ही खडकाळ जागी आहेत. भारती तर १३४ कंटेनर जोडून बांधलीय, त्यामुळे मामा पुन्हा एकदा चर्चेत आला, कारण तो बंदरात कंटेनरच हलवतो.

एक प्रश्न मी खेळासाठी तयार केला नव्हता. तो आपोआप आला, आणि तो इथंच यायचा होता. "टीचर, मग तिथं राज्य कुणाचं?"

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं मूल हा प्रश्न विचारतं तेव्हा त्याच्यामागं १९५६ पासूनचं घरातलं बोलणं असतं. १ नोव्हेंबर आला की मोठ्यांचा सूर बदलतो. सीमावाद पेटला की एसटी बंद होते आणि कोल्हापूरला जायचं अडतं. कोर्टात काय झालं, हे आजोबा कुणाला तरी विचारत असतात. म्हणून या प्रश्नावर मी घाईनं पुढे गेले नाही. अंटार्क्टिकावर सात देशांनी हक्क सांगितलेला आहे, त्यातल्या तिघांचे दावे एकमेकांवर चढलेले आहेत. १ डिसेंबर १९५९ ला बारा देशांनी करार केला. कुणाचाही दावा मान्य केला नाही आणि कुणाचा नाकारलाही नाही. करार आहे तोवर नवा दावा करायचा नाही, सैन्याची ठाणी उभारायची नाहीत, संशोधन सगळ्यांना खुलं. भारत १९८३ मध्ये त्यात आला. मैत्री ज्या भागात आहे त्यावर नॉर्वेचा दावा, भारती ज्या भागात आहे त्यावर ऑस्ट्रेलियाचा. दोन्हीकडे आपली माणसं त्या देशांची परवानगी न मागता राहतात. मैत्रीच्या शेजारी रशियाचं ठाणं, भारतीच्या शेजारी रशियाचं आणि चीनचं.

वर्गात बराच वेळ वाद चालला. एक म्हणाला, म्हणजे भांडण मिटलेलं नाही, बाजूला ठेवलंय. दुसऱ्याला ते पटेना, बाजूला ठेवलेलं कधी तरी परत काढणारच. मग कुणी तरी म्हटलं, आपल्याकडंही तसंच करावं. आणि त्यावर सातवीतली एक मुलगी म्हणाली, "तिथं माणसंच राहत नाहीत, म्हणून जमलं. इथं आम्ही हाय की."

तिथं कुणाची भाषा नाही, कुणाचा सातबारा नाही. ज्या जमिनीवर कुणाचं घर नाही तिथला न्याय घरं असलेल्या जमिनीवर जसाच्या तसा आणता येत नाही, हे त्या मुलीनं एका वाक्यात सांगितलं. तिला 'कशावरून' असं कुणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

आता मुलांना अंटार्क्टिकाला पत्र पाठवायचंय. तिथं आपलं टपाल कार्यालय आहे, १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्रीत सुरू झालेलं, पुढे मैत्रीवर हलवलेलं, आणि ते गोवा टपाल विभागाखाली येतं. एप्रिल २०२४ मध्ये भारतीवरही एक उघडलं. मोहिमेसोबत पत्रं जातात आणि तिथला शिक्का बसून येतात. एकानं पाकिटात एक चिंचोका घालायचं सुचवलं. ते चालणार नाही. तिथं बाहेरचं बी, माती नेण्यावर बंदी आहे, जाणाऱ्यांच्या बुटांना आणि कपड्यांना चिकटलेली बियाणंसुद्धा झाडून काढतात. चिंच कुठं उगवणार बर्फात, असं म्हणून मुलं पाच-पाच लावायला निघाली. तेव्हा मी सांगितलं की अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर बाहेरून आलेलं एक साधं गवत रुजलेलं आहे. चिंचोका पाकिटातून काढला.

पत्रात नमस्कार-चमत्कार नकोत, नुसते प्रश्न लिहायचे असं ठरलंय. स्वयंपाक कोण करतं आणि त्या माणसाची निवड कशी होते. दोन महिने सूर्य उगवत नाही तेव्हा झोप कधी लागते. कुणी आजारी पडलं तर. यादी लांबत चाललीय, पाकिटात मावेल तेवढीच घ्यायची म्हणून मुलं मतदान करताहेत. पहिला प्रश्न मात्र मतदान न करता नक्की झाला. तो विहीर खोदणाऱ्याच्या मुलीचा आहे: तुम्ही मोजलेलं चुकलं असेल, तर ते तुम्हाला कशावरून कळतं?